उरलेल्या भातापासून बायोइथेनॉल: पहिली बॅच कशी करायची

यीस्ट भात खात नाही. वहीच्या पहिल्या पानावर एवढं एक वाक्य लिहून ठेवा, पुढचे निम्मे घोटाळे टळतील.

दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की शेवटच्या वर्षाची दोन-चार मुलं प्रोजेक्टचं विचारायला येतात. ‘मॅडम, आमच्या मेसमध्ये रोज पातेलंभर भात उरतो, त्याचं इथेनॉल करू या?’ करू या की. पण माझ्याकडे येण्याआधी बहुतेकांनी एक प्रयोग उरकलेला असतो. भात मिक्सरमधून काढला, पाणी घातलं, बेकरीचं यीस्ट टाकलं, बाटली खिडकीत ठेवली. तीन दिवस बाटली ढिम्म. चौथ्या दिवशी शिळ्या पेजेचा आंबूस वास. यीस्ट खराब निघालं असं समजून दुसरं पाकीट आणतात, तेही ‘खराब’ निघतं.

यीस्टचा काही दोष नसतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो मणी ओवलेली माळ. पावाचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, सुटे मणी खातं, फार तर दोन-दोनच्या जोड्या खातं. माळ तोडायची कात्री, म्हणजे अमायलेज नावाचं एन्झाइम, त्याच्याकडे नसते. उसाचा किंवा द्राक्षाचा रस फसफसतो कारण त्यात साखर तयार असते. भाताची माळ आपणच तोडून द्यायची.

म्हणजे कामाचे भाग तीन: स्टार्चची साखर, साखरेचं इथेनॉल, आणि शेवटी पाण्यातून इथेनॉल वेगळं काढणं. नवख्यांचा सगळा जीव तिसऱ्या भागात अडकलेला असतो, कारण काचेच्या नळ्यांचा फोटो छान येतो. बॅच जमते किंवा फसते ती मात्र पातेल्यात.

कुठे करायचं

घरी नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्यार्क तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. तुम्ही ते चुलीत जाळणार आहात की पेल्यात ओतणार आहात, याच्याशी कायद्याला घेणं नाही. ‘इतके लिटर कच्चे रसायन पोलिसांनी नष्ट केले’ अशी बातमी वाचता ना? त्यातलं रसायन म्हणजे आंबवलेलं, अल्कोहोल धरलेलं पाणी. आपण नेमकं तेच करणार आहोत. तेव्हा कॉलेजची लॅब, विभागप्रमुखांची लेखी परवानगी, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा काही परवाना लागतो का हे कॉलेजने आधी लेखी विचारून घेतलेलं असावं. ऊर्ध्वपातन करणार असाल तर त्याशिवाय हातच लावू नका.

दुसरं, यातला एक थेंबही पिण्यासाठी नाही. उष्ट्या-उरलेल्या अन्नाचं, लॅबच्या भांड्यांतलं ते पाणी आहे. कोणी गंमत म्हणून चाखायला निघालं तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा.

भात कसला घ्यायचा

पातेल्यात उरलेला घ्या, ताटातला नको. ताटातल्या भातात वरण, लोणचं, पापडाचा चुरा, लिंबाची फोड असं सगळं असतं. थोडं वरण चालतं, उलट डाळीतल्या प्रथिनांचा यीस्टला थोडाफार फायदाच होतो. तेल मात्र वर तरंगून पुढे गाळताना छळतं, जास्त मीठ यीस्टला सोसत नाही आणि लवंग-दालचिनीचा मसाला जंतूंना मारक असतो. म्हणून बिर्याणी, मसालेभात, फोडणीचा भात पहिल्या बॅचला नकोच. मेसच्या मावशींना एक झाकणाचा डबा देऊन ठेवा आणि सांगा, पांढरा भात यात, बाकी सगळं नेहमीच्या बादलीत. मावशींना एकदा कारण समजावून सांगितलं की त्या तुमच्यापेक्षा काटेकोरपणे निवडतात.

पोळ्या चालतात, पण ग्लुटेनमुळे फेस जास्त येतो. उकडलेले बटाटे चालतात, मात्र त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, तेव्हा हाती फार लागत नाही. पाव उत्तम. पण बुरशी आलेला पाव घेऊ नका. ‘मॅडम, जपानमध्ये तांदळावर बुरशीच वाढवतात ना?’ असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. वाढवतात, पण ती अ‍ॅस्परजिलस ओरायझी, निवडून जोपासलेली. तुमच्या पावावर आपोआप आलेली कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही. तिच्याच कुळातली अ‍ॅस्परजिलस फ्लेवस अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते.

भात आणला की त्याच दिवशी वापरा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये दुपारी टेबलावर राहिलेला भात संध्याकाळपर्यंत आंबलेला असतो, म्हणजे आपल्या आधी कोणीतरी जेवून गेलेलं असतं.

एक काम आत्ताच करा, नंतर त्याची किंमत कळते. नेमका १०० ग्रॅम भात ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मऊ भात असेल तर तीसेक ग्रॅम उरतो, बाकी पाणी. पांढऱ्या तांदळाच्या कोरड्या वजनात साधारण ९० टक्के स्टार्च असतो. पुढच्या हिशोबासाठी मी एक किलो भातात २८० ग्रॅम स्टार्च धरते. तुमचा आकडा तुमच्या ओव्हनमधून येऊ द्या.

पातेल्यातलं काम

एक किलो भात, दीड लिटर पाणी. मिक्सरमधून अगदी बारीक काढा आणि कुकरमध्ये घालून चार-पाच शिट्ट्या द्या. शिजलेला भात परत का शिजवायचा? कारण शिळा भात हा शिजलेला राहत नाही. गार होताना स्टार्चच्या सैल झालेल्या माळा पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. म्हणून तर सकाळचा भात रात्री फडफडीत आणि कडक लागतो. त्या घट्ट बसलेल्या भागात एन्झाइम शिरत नाही. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, माळा पुन्हा सुटतात, आणि भातावर बसलेले उपटसुंभ जंतूही मरतात. एका कामात दोन कामं.

कुकर उघडल्यावर समोर असतं ते गच्च पिठलं. पळी उभी राहते. हे मोठ्या पातेल्यात ओता आणि मंद आचेवर ८५ ते ९० अंशांवर आणा. पीएच कागदावर साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये दिसायला हवा, भाताचा बहुधा तसाच असतो. आता उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज घाला. हे बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून काढलेलं असतं आणि द्रवरूपात मिळतं. मात्रा बाटलीवर लिहिलेली असते. औद्योगिक प्रतीचं असेल तर एवढ्या भाताला अर्धा मिलिलिटर पुष्कळ. या एन्झाइमला थोडं कॅल्शियम लागतं, तेव्हा डिस्टिल्ड वॉटर वापरून शहाणपणा करू नका, नळाचं पाणी बरं.

ढवळत राहा. सगळ्या प्रयोगात मला सर्वांत आवडणारी ही वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं हात दुखतो आणि काहीच होत नाही. मग पळी अचानक हलकी लागते. कडेला पाणी सुटल्यासारखं दिसतं, बुडबुडे आधी ‘भद्’ करून फुटत होते ते आता बारीक आणि भराभर फुटतात. वीस मिनिटांनी पळी उचलली की धार पडते, ताकासारखी. पाण्याचा थेंब घातलेला नसतो. माळांचे तुकडे झालेले असतात, बस. ज्या मुलांनी पुस्तकात ‘लिक्विफॅक्शन’ शब्द चार वेळा वाचलेला असतो, त्यांना तो इथे हाताला कळतो. अशा तापमानावर एकूण तासभर ठेवा.

पण गोडी अजून आलेली नाही. तुकडे झालेत, सुटे मणी नाहीत. त्यासाठी दुसरं एन्झाइम, ग्लुकोअमायलेज. ते माळेच्या टोकाकडून एकेक मणी सोडवतं, आणि त्याचा स्वभाव वेगळा: ६० अंश तापमान आणि साडेचारच्या आसपास पीएच. म्हणजे आधी गार करा, मग सायट्रिक अ‍ॅसिड, आपलं लिंबूफूल, चिमटीचिमटीने घालत पीएच खाली आणा. लिंबूफूल एकदम ओतू नका. साडेतीनपर्यंत खाली गेलं तर पुन्हा वर आणण्यात अर्धा दिवस जातो. एन्झाइम घालून ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये तीन-चार तास ठेवा, सोयीचं असेल तर रात्रभर.

मोठ्या कारखान्यांत बहुधा ही पायरी वेगळी ठेवत नाहीत. ग्लुकोअमायलेज आणि यीस्ट एकाच वेळी घालतात, म्हणजे साखर सुटेल तशी यीस्ट ती खाऊन टाकतं, आणि साखर साठत नसल्यामुळे बाहेरच्या जंतूंना मेजवानी मिळत नाही. पद्धत चांगलीच आहे, दुसऱ्या बॅचला करा. पहिल्या बॅचला साखर झाली हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं, नाहीतर बिघडल्यावर कुठे बिघडलं ते कळत नाही.

एन्झाइम मिळालं नाही तर नाचणी

अमायलेज प्रत्येक मोड आलेल्या धान्यात असतं, अंकुराला स्वतःचा स्टार्च पचवायला ते लागतंच. नाचणी यात हुशार आहे. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दोन-तीन दिवस मोड येऊ द्या, सावलीत वाळवा आणि दळा. एवढ्या भाताला ५० ग्रॅम पीठ. कुकरमधलं पिठलं ६५ अंशांपर्यंत गार झाल्यावरच घाला आणि ६० ते ६५ च्या मध्ये दोन तास धरून ठेवा. याहून गरम झालं तर हे एन्झाइम मरतं, ते बॅसिलससारखं दणकट नाही.

एका मुलीने वेळ वाचवायला दुकानातलं नाचणी सत्त्व आणलं होतं. मोड आणूनच केलेलं होतं ते, पण खमंग भाजलेलं. भाजलं की एन्झाइम संपलं. दोन तास ढवळून पिठलं पिठलंच राहिलं.

नाचणीने काम होतं, पण सगळा स्टार्च सुटत नाही, आणि साखर मुख्यतः माल्टोज मिळते. यीस्टला ती चालते. इथेनॉल एन्झाइमच्या मानाने कमी येईल, हे आधीच धरून चला. नाचणीतलाही थोडा स्टार्च हिशोबात मिळवा.

आयोडीनची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे जपून वापरा. वरवरचा थेंब घेतला तर परीक्षा वरवरचीच होते. सगळं नीट ढवळून, तळापासून चमचाभर घ्या, पांढऱ्या बशीत ठेवा, त्यावर विरळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब. निळा-काळा रंग म्हणजे माळा अजून अखंड. तांबूस-तपकिरी म्हणजे मधले तुकडे, डेक्स्ट्रिन. आयोडीनचाच पिवळा रंग राहिला तर स्टार्च संपला.

नमुना गार करून मग आयोडीन टाकायचं. गरम असताना निळा रंग दिसतच नाही, कारण उष्णतेने आयोडीन स्टार्चच्या वेटोळ्यातून बाहेर पडतं. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, तरी माझ्या पहिल्या वर्षी मी ८० अंशांचा नमुना तपासून ‘झालं’ असं जाहीर केलं होतं. बशी टेबलावर राहिली. चहा पिऊन आले तर थेंब निळाशार.

साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं उपकरण) असेल तर वापरा, पण तो डेक्स्ट्रिन आणि ग्लुकोज यांत फरक करत नाही. बेनेडिक्टची चाचणी किंवा डीएनएस पद्धत, म्हणजे सुटी साखर रंगाच्या बदलावरून ओळखणाऱ्या चाचण्या, जास्त खरं बोलतात.

यीस्ट जागं करणं

आता घाई नको. पातेलं ३२ अंशांपर्यंत गार झालेलं थर्मामीटरने बघा, हात लावून नाही. ४५ अंशांत टाकलेलं यीस्ट फार काळ तग धरत नाही.

बेकरीचं कोरडं यीस्ट पहिल्या बॅचला पुरेसं आहे, अडीच लिटरला पाच ग्रॅम. अर्धी वाटी कोमट पाण्यात (३५ ते ३८ अंश) चिमूटभर साखर घालून भिजवा. पंधरा मिनिटांत वर फेसाची साय धरली तर यीस्ट जिवंत. नाही धरली तर इथेच थांबा, ते बाटलीत टाकून तीन दिवस घालवू नका. नायट्रोजनसाठी लॅबमधलं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा थोडं अमोनियम सल्फेट घाला. भातात प्रथिनं कमी, नुसत्या साखरेवर यीस्टची वाढ खुंटते.

पुढे प्रोजेक्ट गंभीरपणे करायचा असेल तर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. कॉलेजमार्फत मागणी केली की नोंदणीकृत यीस्ट तिथून विकत मिळतं. पुण्यात शिकण्याचा हा फायदा आहे, इतर ठिकाणची मुलं कुरिअरची वाट बघत बसतात. झायमोमोनास मोबिलिस नावाचा जिवाणूही तुम्ही वाचाल. साखरेतून इथेनॉल काढण्यात तो यीस्टहून चपळ आहे, पण स्टार्च त्यालाही पचत नाही. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

बाटली, नळी आणि काटा

पाच लिटरचा खाद्यप्रतीचा प्लॅस्टिक कॅन घ्या, पुण्याच्या बोहरी आळीत मिळतो, पारदर्शक नळीही तिथेच. अर्धा कॅन रिकामा राहिला पाहिजे, फेसाला जागा लागते. झाकणाला भोक पाडून नळी बसवा, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही.

झाकण घट्ट लावून नळी विसरलात तर काय होतं? आपल्या एक किलो भातातून सत्तर लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. पाच लिटरच्या कॅनमध्ये तो मावायचा नाही. आमच्या लॅबच्या छतावर एक पिवळट डाग आहे, मी नव्या मुलांना तो दाखवते आणि पुढे काही बोलत नाही.

पहिल्या दिवशी नळीचं टोक थोडा वेळ चुन्याच्या निवळीत बुडवून बघा. निवळी दुधाळ होते, आठवीच्या पुस्तकातला प्रयोग डोळ्यांसमोर. तसंच चालू ठेवलं तर थोड्या वेळाने ती परत नितळ होते, घाबरू नका, जादा वायूमुळे न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. मग निवळी काढून साधं पाणी ठेवा. निवळी उलटी कॅनमध्ये खेचली गेली तर पीएच बिघडेल.

तापमान ३० ते ३२ अंश हवं. पुण्यात जून ते ऑक्टोबर फारसं काही करावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री लॅब इतकी गार पडते की यीस्ट झोपतं. थर्मोकोलच्या पेटीत कोमट पाण्याच्या दोन बाटल्या सोबत ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट, कॅन पाण्याच्या टबात आणि वर ओलं फडकं. आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, हे विसरू नका.

आता काटा. माझं जे काही सांगणं आहे ते इथे आहे. इथेनॉल किती झालं हे कळायला ऊर्ध्वपातन लागत नाही, वजनकाटा लागतो.

ग्लुकोजचे १८० ग्रॅम यीस्टने खाल्ले की ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इथेनॉल कॅनमध्ये राहतं, वायू उडून जातो. म्हणजे कॅन जितका हलका झाला, जवळजवळ तितकंच, किंचित जास्तच, इथेनॉल आत आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. नळी ग्लासातून काढून, कॅन पुसून, दर बारा तासांनी वजन घ्या आणि वेळेसह लिहा.

हिशोब असा. २८० ग्रॅम स्टार्च. माळ तोडताना प्रत्येक मण्याला पाण्याचा एक रेणू जोडला जातो, म्हणून ग्लुकोज वजनाने वाढतो: २८० गुणिले १.११, म्हणजे ३११ ग्रॅम. त्याचं जास्तीत जास्त इथेनॉल ३११ गुणिले ०.५११, म्हणजे १५९ ग्रॅम, सुमारे २०० मिलिलिटर. वायू १५२ ग्रॅम. समजा तुमचा कॅन १२२ ग्रॅमने हलका होऊन थांबला, तर इथेनॉल झालं साधारण १२७ ग्रॅम, १६० मिलिलिटरच्या आसपास. १२७ भागिले १५९, ऐंशी टक्के. पहिल्या बॅचला ऐंशी टक्के आले तर पेढे वाटा.

थोडी वाफही वायूबरोबर जाते, तेव्हा आकडा नेमका नाही. पण वजनाचा आलेख खोटं बोलत नाही. पहिले काही तास सपाट, मग दीड-दोन दिवस जोरात उतार, मग पुन्हा सपाट. तिसऱ्या दिवशी सलग दोन वजनं सारखी आली की काम झालं. उतार सुरूच झाला नाही तर यीस्ट किंवा साखर, दोहोंपैकी एक नाही. आयोडीनचा थेंब टाका, लगेच कळेल. उतार मध्येच थांबला तर तापमान आणि पीएच बघा. पीएच साडेतीनच्या खाली आणि दह्याचा वास म्हणजे लॅक्टिक जिवाणू शिरले. व्हिनेगरचा वास म्हणजे कुठूनतरी हवा आत जातेय आणि अ‍ॅसिटोबॅक्टर झालेलं इथेनॉल खातोय, नळी तपासा. सूक्ष्मदर्शकाखाली मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून बघा: मेलेलं यीस्ट निळं दिसतं, जिवंत रंगहीन.

ऊर्ध्वपातन

थोडक्यातच सांगते, कारण हे शिक्षकांसमोर करायचं काम आहे. सुती फडक्यातून गाळा, नाहीतर गाळ तळाशी करपतो. फ्लास्क अर्ध्याहून जास्त भरू नका. हीटिंग मँटल (फ्लास्कभोवती बसणारी विजेची शेगडी) वापरा, बर्नर नाही. शुद्ध इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते, हवेहून जड असल्याने टेबलावरून खाली पसरते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. कंडेन्सरला पाणी खालून वर सोडायचं.

पुस्तकात इथेनॉलचा उत्कलनबिंदू ७८.४ अंश लिहिलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणीही ९८ ला उकळतं. तेव्हा थर्मामीटर दीड-दोन अंश कमी दाखवत असेल तर तो बदलायला धावू नका.

कितीही वेळा ऊर्ध्वपातन केलं तरी वजनाने ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही, त्या प्रमाणात पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्के लागतं, राहिलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हने, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र मण्यांनी, शोषून घ्यावं लागतं. तेव्हा हे स्कूटरमध्ये घालायचं नाही. स्पिरिट लॅम्पमध्ये घाला, निळी ज्योत बघा, रिपोर्टमध्ये फोटो लावा.

परवडतं का?

मेसपुरतं पाहिलं तर नाही. दिवसाला दहा किलो भातातून दीड लिटरच्या आसपास इथेनॉल, त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, आणि उकळण्यात गेलेली वीज वेगळी. मिश्र ओल्या कचऱ्याला बायोगॅस बरा, त्याला तेल-मीठ-साली सगळं चालतं, निवडायचं कोणी? पुणे महापालिकेनेही ओल्या कचऱ्यासाठी बायोगॅसचे प्रकल्प उभारले ते काही उगाच नाही. इथेनॉलला अर्थ येतो तो एकाच जातीचा स्टार्च टनांनी मिळतो तिथे: बिस्किटांचा चुरा, परत आलेला पाव, खराब धान्य. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मानवी वापराला अयोग्य धान्य आणि सडके बटाटे यांतून इथेनॉल करायला वाट मोकळी केली. प्राज इंडस्ट्रीजसारखी इथेनॉलचे कारखाने उभारणारी कंपनी पुण्यातलीच. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ‘याचा उपयोग काय’ असं विचारलं तर मेसचं नाव घेऊ नका, बेकरीचं घ्या.

उरलेला चोथा

फडक्यात राहिलेल्या गाळात मेलेलं यीस्ट आणि भातातली प्रथिनं असतात, खत चांगलं होतं. आंबट असतो, म्हणून मूठभर चुनखडी मिसळून, सुक्या पानांच्या थरात घाला. कॉलेजच्या मागच्या बाजूला खड्डा असेल तर तिथे. दोन दिवस वास येतो, माळीकाकांना आधी सांगून ठेवा.